भाच्याचे पाय

गेल्या वर्षी नेकनूरच्या छबुबाईंना फोनवर फ्रिज लागला. लागला म्हणजे बक्षीस लागला. फोनवरचा माणूस इतका गोड बोलला, की छबुबाईंनी त्याला बँकेचा नंबर सांगितला, आधारचा सांगितला, मोबाइलवर नुकताच आलेलाही सांगितला आणि वर "जेवलास का रे बाबा?" असं विचारलं. मग फ्रिजला जागा हवी म्हणून स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी शेजारच्या बायडाबाईला देऊन टाकली. फ्रिज काही आला नाही. खात्यात होतं ते गेलं आणि बायडाबाई मांडणी परत देईना.

तेव्हा पुण्याहून अभिमन्यू आला. छबुबाईंचा एकुलता एक मुलगा. तो ओरडला नाही, म्हणून त्या जास्त घाबरल्या.

"आई, पुन्हा एकदा कोणी फसवलं, की मी काही ऐकणार नाही. घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडं यायचं. कायमचं."

अभिमन्यूचा फ्लॅट उंचावर. सून चांगली, नात गोड, पण सकाळी सगळे बाहेर पडले की उरायच्या छबुबाई आणि भिंती. एक उन्हाळा त्यांनी तिथं काढला होता. शेवटी शेवटी त्या लिफ्टमधल्या बाईच्या आवाजाशी बोलायला लागल्या होत्या. ती आतून कोणता मजला आला ते सांगायची आणि ह्या "बरं गं बाई" म्हणून उतरायच्या. नेकनूर सोडायचं म्हणजे हे.

त्या प्रकरणानंतर ठाण्यातून वर्षाराणी नावाची पोलीस शिपाई गल्लीत आली. तिनं बायांना लिंबाखाली बसवलं आणि प्रत्येकीला एक शिट्टी दिली.

"अनोळखी माणूस दारात आला, दागिना उजळून देतो म्हणाला, काही मागितलं, की आधी खात्री करायची. ज्याचं नाव सांगतोय त्याला फोन लावायचा. धोका वाटला तर शिट्टी. एकीची वाजली की सगळ्यांनी बाहेर यायचं."

छबुबाईंना लहानपणीचा जागल्या आठवला. खांद्यावर घोंगडी टाकून काठी आपटत यायचा, आणि त्याच्या नुसत्या खोकल्यानं चोर पळतात असं त्यांचे वडील सांगायचे. आता आपणच जागल्या! त्यांनी शिट्टी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि खोकूनही पाहिलं.

पुढं जे झालं ते विचारू नये. बायांनी मीटर बघणाऱ्याला शिट्ट्या मारल्या. विमावाल्याला मारल्या. धोंड्याचा महिना लागला आणि बायडाबाईचा जावई हौसेनं धोंडे खायला आला, तर हेल्मेटमुळं ओळखूच आला नाही. साऱ्या गल्लीनं त्याला असं घेरलं, की तो तसाच माघारी फिरला. एसटी स्टँडपाशी त्याची गाडी अडवून, पाया पडून त्याला परत आणावं लागलं. तोवर पुरणाचे धोंडे गार आणि बायडाबाई गरम.

वर्षाराणी फटफटीवरून आली. "मावशी, आता बिनकामाची एक जरी शिट्टी वाजली, तर सगळ्या गोळा करून नेईन."

आणि त्याच आठवड्यात तो आला.

भर दुपारची वेळ. दारात मोटारसायकल थांबली. अंगानं भरलेला, दाढी राखलेला, हातात पेढ्यांचा पुडा घेतलेला माणूस उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "मामी! वळखलं न्हाई ना? मी उत्तरेश्वर. पाटोद्याचा."

पाटोद्याला छबुबाईंची नणंद रुक्मिणीबाई राहायची. उत्तरेश्वर तिचा मुलगा. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम असल्यानं तो वर्षातले बरेच महिने कर्नाटकातल्या कारखान्यांकडं असायचा. मामाच्या दहाव्याला आला होता, त्यानंतर छबुबाईंनी त्याला पाहिलंच नव्हतं. तेव्हा काडी होता. आता पार बैल झाला होता.

"अगं बाई, माझा भाचा!" छबुबाईंची गुडघेदुखी वगैरे सगळी पळाली. धोंड्याचा महिना, आणि भाचा आपल्या पायानं दारात! त्या लगबगीनं पुढं झाल्या आणि त्याच्या पाया पडायला वाकल्या.

त्यासरशी भाचा साप दिसल्यासारखा मागं उडाला. "अहो मामी, हे काय करता? मोठ्या माणसांनी पाया पडायचं असतं का?" असं म्हणून त्यानंच वाकून छबुबाईंच्या पायांना हात लावला.

छबुबाई वाकलेल्या तशाच राहिल्या.

त्यांच्या भागात भाचा कधी मामा-मामीच्या पाया पडत नाही. मामा-मामीच भाच्याच्या पाया पडतात. छबुबाईंचे मालक म्हणजे पटका बांधून पंचायतीत बसणारा माणूस. त्यांच्यापुढं भलेभले खाली मान घालायचे. पण रुक्मिणीबाई माहेरी आली, की हाच उत्तरेश्वर उघड्या ढुंगणानं अंगणात उभा राहायचा आणि मालक पटका सावरत त्याच्यापुढं वाकायचे. पोराला ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की मामा दिसला की आपणहून पाय पुढं करायचा. एकदा तर शेणात भरलेला पाय पुढं केला होता. मालकांनी तोही शिवला.

तो पोरगा आज पाया पडू देईना?

'परमुलखात राहून विसरला असंल,' छबुबाईंनी मनाची समजूत घातली. चहा टाकला. भाचा पेढ्यांपेक्षा गोड बोलत होता. मामाची आठवण काढत होता, अभिमन्यूची चौकशी करत होता. मग म्हणाला, "मामी, पोरीचं लग्न ठरलंय. धोंडा सरला की बार उडवायचा. तुमच्या बोरमाळेसारखी बोरमाळ पायजे म्हणून आई हटून बसलीय. बीडला सोनाराला नमुना दाखवतो आणि सांजच्याला आणून देतो."

बोरमाळ छबुबाईंच्या आईची. आईच्या गळ्यातून त्यांच्या गळ्यात आलेली, आता तांदळाच्या डब्यात ठेवलेली.

छबुबाईंचा हात गळ्यातल्या शिट्टीकडं गेला आणि तिथंच थांबला. हा खरा उत्तरेश्वर निघाला तर? नणंदेच्या पोराला चोर ठरवलं, म्हणून पाटोदा कायमचं तुटणार. वर्षाराणी शिट्ट्या नेणार. आणि खोटा असून आपण गप्प बसलो तर बोरमाळ जाणार, मग अभिमन्यूची गाडी येणार, मग लिफ्टमधली बाई. खात्री करायला फोन लावावा, तर रुक्मिणीबाईला कमी ऐकू येतं. दहादा वाजावा तेव्हा एकदा उचलते. तोवर ह्याला धरून कसा ठेवायचा?

आणि छबुबाईंना एकदम हसूच आलं. भाच्याला धरून ठेवायला काय लागतं?

"देते की बाबा. पण धोंड्यात आलेला भाचा पाय न धुता कसा जाईल? बस पाटावर."

"मामी, लई घाई हाय..."

"मामाचा आत्मा तळमळंल रे." त्यांनी डोळ्याला पदर लावला. तो बसला.

पाण्याच्या निमित्तानं त्या परसात गेल्या आणि भिंतीवरून कुजबुजल्या, "बायडे, पाटोद्याला रुक्मिणीबाईला फोन लाव. उचलंपातुर लावत राहा. उत्तरेश्वर घरी हाय का विचार. आन् गल्लीला सांग, भाचा आलाय, पाय धुवायला या."

"कावून गं?" बायडाबाईनं विचारलं. मग छबुबाईंच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "बरं, समजलं."

एका घरचा भाचा तो साऱ्या गल्लीचा भाचा. पहिली वनमाला आली, आणि त्याचे बूट "उनात तापतील" म्हणून आपल्या घरात ठेवून आली. मग बाया येतच गेल्या. मोठी पितळी परात, त्यात भाच्याचे पाय. एकीनं धुतले, पुसले, कुंकू लावलं. दुसरीनं ते कुंकू पुसून पुन्हा धुतले. तिसरी म्हणाली, "टाचा लई फुटल्यात भाच्याच्या," आणि दगडानं घासायला लागली.

"पुरं, पुरं आता," भाचा घामाघूम.

"असं कसं? माझा नंबर ऱ्हायलाय की," मागून आवाज आला.

"अनारसे खा तवर," छबुबाईंनी त्याच्या तोंडात एक कोंबला. तो बोलायला लागला की त्या दुसरा कोंबायच्या.

तेवढ्यात गल्लीतले म्हातारे आश्रुबा टोपी सावरत आले. भाच्याला बघून त्यांचा चेहरा खुलला. "आगं, हेच ते पावणं! सकाळी हाटेलात मला चहा पाजला की. छबुबाईचं सगळं इचारीत व्हते. नणंद कुठली, भाचा काय करतो, लेक कुठं ऱ्हातो, दागिना काय हाय..."

"आन् तुमी सगळं सांगितलं?" छबुबाईंनी विचारलं.

"पावण्यानं दुसरा चहाबी पाजला," आश्रुबा म्हणाले.

परातीतलं पाणी हललं. भाच्यानं पाय वर काढायला घेतले, पण वनमालेनं एक पाऊल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "थांबा की. अंगठा ऱ्हायलाय."

आणि बायडाबाई मोबाइल उंच धरून धावत आत आली. लाउडस्पीकरवर रुक्मिणीबाईचा खणखणीत आवाज घुमला, "उत्तरेश्वर? हा काय हितं, शेंगा फोडीत बसलाय! कावून? काय काम हाय त्याच्याकडं?"

छबुबाईंनी शिट्टी तोंडात घातली.

मग जे काही वाजलं! घरात वाजलं, अंगणात वाजलं, गल्लीच्या टोकाला भाकरी थापणाऱ्या बाईनं पिठाच्या हातानं वाजवलं. लिंबावरचे कावळे उडाले. भाचा ताडकन उठला, पण परात सरकली आणि तो धप्पकन परातीतच बसला. पुन्हा उठला, ओल्या फरशीवर घसरला आणि थेट बायडाबाईच्या पायांशी आला.

"आता पड पाया!" बायडाबाई म्हणाली.

कसाबसा तो दारापर्यंत पोचला, तर गोंधळात बाहेर गेलेले आश्रुबा गाडीला राहिलेली किल्ली कनवटीला लावून गाडीवरच बसलेले. बाहेरचा रस्ता तव्यासारखा तापलेला आणि बूट वनमालेकडं. घासून घासून लोण्यासारखे मऊ झालेले ते पाय चार पावलं नाचले आणि आपणहून सावलीत परत आले.

वर्षाराणी आली ती रागानंच. "आता कोणाच्या जावयाला धरलं?"

"जावई न्हाई, भाचा हाय!" सगळ्या एका सुरात ओरडल्या आणि एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. वर्षाराणीनं त्याची पिशवी उघडली. आत कोणत्या कोणत्या गावच्या मामींच्या पाटल्या, एक ठुशी आणि पेढ्यांचे आणखी पुडे निघाले.

संध्याकाळी अभिमन्यूचा फोन आला. बातमी बीडमार्गे पुण्याला पोचली होती आणि पोचेपर्यंत तिच्यात पिस्तूलही आलं होतं.

"आई, घरात माणूस शिरलाच कसा? मी उद्याच निघतो. सामान बांध."

"शिरला, पण काय नेलं? उलट पेढे देऊन गेला."

"हसू नको. तो खोटा आहे हे तुला कळलं कसं?"

"पाया पडला रे माझ्या."

अभिमन्यू हळूच म्हणाला, "म्हणजे? भाचा पाया पडत नाही का?"

छबुबाईंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडं पाहिलं. मग पुन्हा कानाला लावला.

"अभिमन्यू, तुझ्या दारात असा कोणी आला, तर तू बोरमाळ देशील, वर जेवायला घालशील. मी न्हाई येत तिकडं. तूच चार दिवस इकडं ये. तुला लई शिकवायचं ऱ्हायलंय."

"आई, पण तू तिथं एकटी..."

पुढचं ऐकू आलं नाही, कारण बायडाबाईनं फोन ओढून घेतला, तिच्याकडून वनमालेनं, आणि जी ती भाचा कसा पडला ते आपापल्या परीनं सांगायला लागली. अभिमन्यूनं थोडा वेळ "हो मावशी, हो काकू" केलं. फोन फिरत फिरत परत छबुबाईंच्या हाती आला, तेव्हा तो हसत होता.

"राहा बाई, राहा," तो म्हणाला. "मीच येतो."

"ये. आन् येताना हेल्मेट काढून ये," छबुबाई म्हणाल्या, आणि पेढ्यांचा पुडा फोडायला बसल्या.