धृपद न धरता

कीर्तनात बुवा पुढे उभे असतात खरे, पण कीर्तन तोलून धरतात ते मागचे टाळकरी. बुवांनी ओळ म्हटली की तिचा शेवट वरच्या वर झेलायचा, खाली पडू द्यायचा नाही, आणि गोड करून पुन्हा म्हणायचा. याला धृपद धरणं म्हणतात. माधवनगरच्या लालासाहेब खराड्यांनी ही सेवा बावीस वर्षं केली. दर शनिवारी विठ्ठलाच्या देवळात, डावीकडून तिसरे. बुवा बदलले, चाली बदलल्या, देवळातली फरशी जाऊन टाइल्स आल्या, पण तिसरी जागा लालासाहेबांचीच. असा माणूस पाठीशी असला की नवख्या कीर्तनकाराचेही पाय लटपटायचे थांबतात.

अडचण एवढीच की देवळाच्या पायऱ्या उतरल्या तरी त्यांचं धृपद सुटत नसे. समोरच्याचं वाक्य संपलं की त्याचा शेवट यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडे. डॉक्टर म्हणाले, "आ करा." हे म्हणाले, "आ करा..." डॉक्टरांनी आ केला. न्हाव्यानं विचारलं, "एकदम बारीक करू?" हे म्हणाले, "बारीक करू..." आणि पुतणीच्या लग्नातल्या सगळ्या फोटोंत लालासाहेब टोपी घालून उभे आहेत.

गिरणीत चोवीस वर्षं हे कुणाला कळलं नाही. ते स्टोअरला होते. चिठ्ठी आली, वाचली, वस्तू काढून दिली. मागांच्या खडखडाटात कोण काय बोलतं ते बोलणाऱ्यालाही ऐकू येत नसे. मग दिवाळीच्या आधी गिरणी बंद पडली, एकदम शांत झालं, आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी लालासाहेब जगाला ऐकू येऊ लागले.

मेव्हण्यानं भिवंडीहून निरोप धाडला, "गोदामावर रखवालदार पायजे. एक तारखेला या." भिवंडीला जायचं म्हणजे शनिवार गेला, देऊळ गेलं, तिसरी जागा गेली. लालासाहेबांनी उत्तर दिलं नाही. त्याआधी कुपवाडच्या एका कंपनीत मुलाखत होती. दुसऱ्यांचीच वाक्यं सांगायची असली की त्यांचं धृपद आड येत नसे. तिथं काय झालं ते त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको बनुबाईंनी कपाळाला हात लावला.

"सायेब म्हनले बसा. म्या म्हनलं बसा."

"मग?"

"ते म्हनले, अहो तुम्ही बसा. म्या म्हनलं, तुम्ही बसा."

"आन मग बसलं कोन?"

"कोनच न्हाई. पंदरा मिंटं दोघंबी हुबं. मग ते म्हनले, या आता."

"आन तुमी?"

"म्या बी म्हनलं, या आता."

आता फलटणजवळच्या एका साखर कारखान्याचं बोलावणं आलं होतं. स्टोअरकीपरचीच जागा. शनिवारी दुपारी निघालं तर रात्रीच्या कीर्तनाला माधवनगर गाठता येतं, हे लालासाहेबांनी एसटीच्या वेळापत्रकात तीनदा बघून ठेवलं. मुलाखतीला आठ दिवस होते. ही हुकली तर भिवंडी.

मुलगी शिवांजली सांगलीला कॉलेजात होती. तिनं तयारी हातात घेतली. कॉटवर ती, शेजारी गिरणीतला जुना सोबती यासीन, दाराशी बनुबाई, आणि समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर लालासाहेब, इस्त्रीचा शर्ट घालून.

"आण्णा, आता मी साहेब. तुम्ही फक्त उत्तर द्यायचं. तुमच्याबद्दल सांगा."

"तुमच्याबद्दल सांगा..." लालासाहेब म्हणाले, तेही थोडं वरच्या पट्टीत.

यासीननं मांडीवर थाप मारली. "लाला, गड्या, तिच्याबद्दल समद्यास्नी म्हाईत हाय. तुझ्याबद्दल सांग."

"तुझ्याबद्दल सांग..."

"माझ्याबद्दल? म्या यासीन. चोवीस वर्सं जॉबर व्हतो, बारा माग माझ्याकडं." यासीन भान हरपून बोलत सुटला, आणि दहा मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं की मुलाखत त्याचीच चालली आहे. "ह्यो लय बेक्कार मानूस हाय वैनी! ह्यो गप बसून दुसऱ्याला बोलतं करतोय."

उपाय झाले. तोंडात लवंग धरली, ती धृपदाबरोबर शिवांजलीच्या वहीवर जाऊन पडली. प्रत्येक प्रश्नाला मांडीला चिमटा काढायचा ठरलं. दोन दिवसांत मांडी जांभळी झाली आणि धृपदाला वर एक 'आई गं' जोडलं गेलं. शिवांजलीनं मोबाईलवर कुठलासा श्वासाचा व्यायाम शोधला. त्यानं दम वाढला, आणि धृपद आणखी लांबलं.

शेवटी यासीनलाच सुचलं. "तोंडात पानी धर. सवाल संपला की गिळ. गिळूस्तवर धृपदाची येळ निगून जाती, मग आपलं बोल."

धरलं. शिवांजलीनं विचारलं, "स्टोअरमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय?" लालासाहेबांचे गाल फुगले, डोळे वर गेले, घळ्ळकन आवाज झाला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा प्रश्नाला त्यांच्या तोंडून स्वतःचं वाक्य निघालं. "जागंला वस्तू, आन वस्तूला चिठ्ठी."

बनुबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग त्यांना पुढचं सुचलं. "आवं, पर सायबाम्होरं गाल फुगवून बसनार व्हय?"

"बसू दे की वैनी," यासीन म्हणाला. "सायेब लोकांचं गाल कायमचं फुगल्यालं असत्यात. आपलाच मानूस म्हनत्यात."

गुरुवारी पहाटेच्या गाडीनं लालासाहेब निघाले. पिशवीत दाखले आणि दोन लिटरची पाण्याची बाटली.

कारखान्याच्या ऑफिसात टेबलापलीकडे दोघं होते. जनरल मॅनेजर पृथ्वीराज साहेब, पस्तिशीचे, भुवया जुळलेल्या. शेजारी प्रियदर्शनी मॅडम, त्यांच्यापुढं गुणांचा कागद. मॅडमचा नियम सरळ होता. प्रत्येक प्रश्नाला दहा गुण, उत्तर आलं की आकडा टाकायचा.

"नाव?" साहेबांनी विचारलं.

लालासाहेबांनी बाटली तोंडाला लावली, गाल भरले, गिळलं. "लालासाहेब दत्तू खराडे."

"अनुभव?"

घोट. गिळणं. "गिरनीत स्टोअरला चोवीस वर्सं."

"तब्येत बरी आहे ना तुमची?"

घोट. गिळणं. "एकदम झ्याक."

मॅडमनी नोंद केली: सावकाश, विचार करून बोलतात. कागदावर बावीस झाले. पण साहेबांना प्रश्न विचारायची हौस होती. नवव्या प्रश्नाला बाटली उलटी धरावी लागली आणि दहाव्याला त्यातून एक थेंब पडला, तोही शर्टावर.

लालासाहेबांनी घाबरून टेबलावरच्या पाण्याच्या जगकडं बोट केलं. साहेबांनी घंटी वाजवली. शिपाई आला, त्यानं रिकामा जग उचलून दाखवला. "पानी न्हाई सायेब. सकाळधरनं मोटार बंद. बेअरिंग गेलंय, आन स्टोअरला नग न्हाई."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "नाही कसा? पंधरा दिवसांपूर्वी सहा बेअरिंग आणली!"

"सहा बेअरिंग आणली..." लालासाहेबांनी ओठ आवळले, पण ओळ सुटली होती.

साहेब चमकले. या कारखान्यात त्यांचं वाक्य आजवर कुणी झेललं नव्हतं. ते बोलत, आणि ऐकणारे मोबाईल बघत. त्यांनी लालासाहेबांकडं नीट पाहिलं आणि थोडं जोरात म्हणाले, "रजिस्टरला आहेत!"

"रजिस्टरला आहेत..."

"कपाटात नाहीत!"

"कपाटात नाहीत..."

लालासाहेबांनी मांडीला चिमटा काढला. काही उपयोग झाला नाही. बावीस वर्षांचा गळा तो. आणि साहेबांनाही आता थांबवेना. ते खुर्चीतून उठले. "तीन स्टोअरकीपर आले!" "तीन आले..." "तिघेही गेले!" "तिघेही गेले..." शिपायानं नकळत रिकाम्या जगवर ठेका धरला. दारात अकाउंटचे दोघं, वजनकाट्यावरचा एक, उसाच्या नोंदीला आलेले दोन शेतकरी येऊन उभे राहिले. त्यातल्या एकानं चपला बाहेर काढल्या. साहेबांचा डावा हात कानापाशी गेला, उजवा पुढं पसरला, आणि पाइप, पट्टे, नटबोल्ट, एकेक हरवलेली वस्तू सुरात बाहेर येऊ लागली. मॅडम गोंधळल्या. प्रश्न कुठला, उत्तर कुठलं, काही कळेना. पण नियम नियम. उत्तरासारखं वाक्य आलं की त्या बोलणाऱ्याच्या नावावर दहापैकी आकडा टाकत होत्या.

"सांगा मंडळी," साहेबांनी दोन्ही हात वर केले, "मग हा माल जातो कुठं?"

"जातो कुठं..."

आणि तिथं थांबलं. देवळात बुवा असा सवाल टाकतात तेव्हा उत्तर त्यांच्या झोळीत तयार असतं. ते थोडं टांगून ठेवतात आणि मग देतात. साहेबांकडं उत्तर नव्हतं. ते हात वर करून तसेच उभे राहिले. शिपायाचा ठेका थांबला. सगळे लालासाहेबांकडं बघू लागले.

लालासाहेब पुढच्या ओळीची वाट पाहत होते. ओळ आली नाही. तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. पुढं बुवा नव्हते, शेजारी दुसरा-चौथा टाळकरी नव्हता, आणि दाराबाहेर भिवंडी होती. पांडुरंगानं तरी किती जणांच्या तोंडून बोलायचं? त्यांनी घसा खाकरला.

"सायेब, माल चोरीला गेल्याला न्हाई."

"म्हणजे?" साहेबांचे हात खाली आले.

लालासाहेबांना तो 'म्हणजे' झेलावासा वाटला. पण त्यांच्या डोळ्यांपुढं स्टोअर आलं होतं, आणि स्टोअर त्यांना अभंगाइतकं पाठ होतं. "फिटर लय भित्रा असतोय सायेब. त्याला लागतंय एक, त्यो नेतोय दोन. फुडच्या बारीला मिळतंय का न्हाई, म्हून दुसरं आपल्या पेटीत दडवून ठिवतोय. आमच्यात बी आसंच व्हतं. पेट्या उघडा, समदी बेअरिंग तितंच गावतील. आन आजपासनं जुना नग जमा केल्याबिगर नवा द्यायचा न्हाई."

"नवा द्यायचा नाही," साहेब पुटपुटले.

मागून शेतकरी म्हणाला, "न्हाईच द्यायचा."

शिपाई धावत वर्कशॉपला गेला आणि हेड फिटर धनाजीला त्याच्या लोखंडी पेटीसकट घेऊन आला. पेटी उघडली. जुन्या बनियनमध्ये पाच बेअरिंग बाळासारखी गुंडाळून ठेवली होती.

"सहावं कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"ते बसवलंय की," धनाजी दुखावून म्हणाला. "म्या काय चोर हाय व्हय? ऊस पिळायच्या मिलच्या पंपाला बसवलंय. ही वेळंला असावीत म्हून जपली. उद्या स्टोअरवाल्यानं न्हाई म्हटलं तर?"

"आज मोटार बंद पडली, तेव्हा का नाही काढलं?"

"सायेब, उद्या बंद पडली आसती तर?"

अर्ध्या तासात मोटार सुरू झाली. मॅडमनी गुणांची बेरीज करून कागद साहेबांपुढं सरकवला.

"सर, एक अडचण आहे. यात उमेदवाराला शहात्तर आहेत, आणि तुम्हाला एकशे सत्तर. कागदाप्रमाणे स्टोअरकीपर म्हणून तुमची निवड होते."

"मला नको," साहेब घाईनं म्हणाले.

"नियम आहे सर."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "शेवटचा प्रश्न कुणी विचारला?"

"तुम्ही."

"उत्तर?"

"यांनी."

"मग बाकीचे प्रश्न खोडा. तो एकच विचारायचा होता." त्यांनी सही केली आणि लालासाहेबांकडं वळले. "सोमवारपासून या. काही अट आहे तुमची?"

लालासाहेबांनी आयुष्यात कुणाला अट घातली नव्हती. त्यांनी हात जोडले. "शनवारी दोनला सोडाया पायजे. देवळात हुबं ऱ्हायाचं असतंय."

"बाकीच्या दिवशी ऑफिसात उभे राहाल?" साहेबांनी विचारलं. मग दाराकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी सकाळी माझी मीटिंग असते. मागं कुणीच नसतं हो."

बाहेर येऊन लालासाहेबांनी घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला बनुबाईंनी उचलला.

"आवं, लागली का?"

"लागली."

"म्या इचारते, लागली का?"

"लागली!"

"ह्ये बघा, मला झुलवू नगासा. न्हाई लागली व्हय?"

लालासाहेबांच्या तोंडात 'न्हाई लागली' आलं होतं. त्यांनी दात घट्ट मिटले आणि ते गिळलं. नुसतंच, पाण्यावाचून.

"यासीन हाय का तितं?" शेवटी ते म्हणाले. "त्याला म्हनावं भिवंडीला फोन लाव. त्यास्नी सांगा, दुसरा मानूस बघा. म्या सोमवारपासनं फलटणला स्टोअरकीपर हाय. आन शनवारी जेवाया थांबू नगासा, म्या एसटीतनं थेट देवळात जानार."

एवढं मोठं, कुणाचं नसलेलं वाक्य बनुबाईंनी नवऱ्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "यासीनभावजी!" त्या ओरडल्या, आणि फोन तसाच कुठंतरी ठेवून अंगणात धावल्या. लालासाहेब कारखान्याच्या फाटकात उभे राहून बराच वेळ आपल्याच घरातला गलका ऐकत राहिले.