टोर्गेरच्या घरचं विरजण

नाताळच्या बिअरला विरजण लावताना टोर्गेर अशी आरोळी ठोकायचा की दरीपलीकडे मोन्सची मेंढरं दचकायची. आरोळी जितकी मोठी, तितकी बिअर तेज, हे अख्ख्या पश्चिम नॉर्वेला पाठ आहे. यंदाही त्याने घसा फोडून आरोळी दिली, लाकडाच्या गोल कड्यावर गेल्या नाताळपासून वाळवून ठेवलेलं यीस्टचं विरजण पिंपात सोडलं, वर ब्लँकेट घातलं आणि छाती फुगवून घरात गेला.

सकाळी ब्लँकेट उचललं, तर जवाचा काढा गार चहासारखा निपचित. एक बुडबुडा नाही.

चूक त्याचीच होती. दर वर्षी कडं माळ्यावर टांगायचं. गेल्या खेपेला लवकर वाळावं म्हणून साहेबांनी ते नव्या शेगडीच्या धुराड्याला टेकवलं. विरजण भाजून मेलं. आजोबांच्याही आधीपासून जिवंत असलेलं विरजण! टोर्गेर पिंपाशेजारी बसला आणि त्याला रडूच फुटलं. परवा सगळे शेजारी बिअर चाखायला येणार. मोन्सच्या दारात जायचं विरजण मागायला? त्यापेक्षा पिंप ओढ्यात ओतलेलं बरं.

"बाबा, सरका जरा." त्याची मुलगी गुरो बरणी घेऊन उभी होती.

बिअरवरून या बापलेकीचं कायम वाजायचं. ती गोठ्यामागच्या खोलीत नाना प्रकार करायची. कॉफी घातलेली काळी बिअर, संत्र्याच्या सालीची गव्हाची, रासबेरीची आंबट. "बिअर करतेस की सरबताचं दुकान काढतेस?" टोर्गेर म्हणायचा. घोटभरही त्याने कधी चाखली नव्हती.

"तुझं ते बाजारातलं पाकिटातलं यीस्ट माझ्या पिंपात नको," तो गुरगुरला.

"पाकीट कसलं? काही वर्षांपूर्वी तुमच्याच पिंपावरचा फेस उचलला होता मी. काळी, आंबट, सगळ्या त्याच्यावरच केल्या. एकदाही उपाशी ठेवलं नाही त्याला."

टोर्गेरने बरणी हुंगली. वडिलांच्या हातांना यायचा तोच वास. दोघांनी काढा पुन्हा उकळून कोमट केला, गुरोने विरजण ओतलं. आरोळीसाठी त्याने छातीभर श्वास घेतला आणि सोडून दिला.

"तूच ओरड. जगवलंस तू."

गुरो ओरडली. दुपारपर्यंत फेस ब्लँकेटला लागला होता.

ठरल्या दिवशी शेजारी जमले. मोन्सने दोन वाडगे रिचवले आणि मिशा पुसल्या. "यंदा कमाल केलीस बुवा! टोर्गेर, तुझं विरजण दे थोडं. माझं हल्ली आळशी झालंय."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. टोर्गेर उभा राहिला.

"माझं मी भाजून मारलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हे गुरोचं आहे. हवं तर तिच्याकडे माग. आणि नीट माग!"

खोलीत हशा पिकला. मोन्सने टोपी काढली. "गुरोबाई, देता का?"

"देते की. पण आधी माझी काळी बिअर प्यायची."

"ती कॉफीची? अगं, तुझा बापसुद्धा पीत नाही ती!"

टोर्गेरने मोन्सच्या हातातला वाडगा ओढून घेतला, काळ्या बिअरने काठोकाठ भरून घेतला आणि एका दमात संपवला.

"आमच्या घरची आहे," तो म्हणाला आणि रिकामा वाडगा पुन्हा लेकीपुढे धरला.