पंचगंगा एअरच्या लेखातलं एक वाक्य

संयोगिता सरनोबत यांना विमानात बसायची भीती वाटायची, हे घरच्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. इंटरनेटवरच्या मराठी मुक्त ज्ञानकोशात मात्र विमान कंपन्यांवरचे निम्मे लेख या बाईंनीच लिहिलेले. कुठल्या कंपनीकडे कोणती विमानं, ती कुठून कुठं उडतात, कंपनी कधी सुरू झाली आणि कधी बुडाली, सगळं तोंडपाठ. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात दिवसभर ग्रंथपाल म्हणून पोरांना गप्प बसवायचं आणि उरलेल्या वेळात हा उद्योग. त्याचा पगार नाही की मानधन नाही. उलट लेखात कुणी काही खोटं घुसडलं, की बाईंना जेवण गोड लागायचं नाही. त्यांची ही तळमळ बघून ज्ञानकोशानं त्यांना प्रचालक केलं होतं. म्हणजे भांडण झालं की त्यांनी लेखाला कुलूप लावायचं आणि निकाल द्यायचा. तो मान मिळाल्यापासून बाई नियमाच्या बाबतीत जरा जास्तच ताठ झाल्या होत्या.

त्या गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला एक पोरगी ग्रंथालयात शिरली आणि थेट त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. धापा टाकत होती.

"संयोगिता मॅडम तुम्हीच न्हवं? मी तमन्ना शिकलगार. सकाळी मीच लिवलं हुतं, ते वाक्य काढा म्हणून."

बाईंच्या लक्षात आलं. पंचगंगा एअरच्या लेखाच्या चर्चा पानावर सकाळी कुणीतरी लिहिलं होतं, हे वाक्य खोटं आहे, कृपया काढा. बाईंनी लगेच आपल्या नावानिशी उत्तर टाकलं होतं: संदर्भ आहे, सबब काढता येणार नाही.

पंचगंगा एअर ही इथलीच कंपनी. शिरोली एमआयडीसीत फौंड्री असलेल्या एका उद्योजकानं दोन छोटी विमानं घेऊन सुरू केलेली. तीन वर्षांपूर्वी त्यातल्या एका विमानाचा टायर उतरताना फुटला आणि विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं. चौघं जखमी झाले, जीव कुणाचा गेला नाही. सेवा बंद पडली होती, ती आता येत्या सोमवारी पुन्हा सुरू व्हायची होती. लेखातलं ते वाक्य असं होतं: 'देखभाल तंत्रज्ञ मीरासाब शिकलगार यांनी टायरच्या तपासणीत कसूर केल्याने हा अपघात घडला.'

"मीरासाब तुमचे वडील?"

"व्हय. कंपनीनं काढून टाकल्यापास्नं तीन वर्सं शिरोलीत मिळंल ते काम करत्यात. आता मस्कतच्या एका कंपनीनं बोलावलंय. विमानाच्याच कामाला. आज चारला शेवटची मुलाखत हाय, फोनवर. आन हे बघा सकाळी काय आलंय."

तिनं मोबाइल पुढं धरला. मस्कतच्या कंपनीतल्या एका मराठी माणसानं ज्ञानकोशातल्या लेखाची लिंक पाठवली होती. खाली विचारलं होतं, हे तुम्हीच का? चार वाजता यावर बोलू.

"अब्बा कुठं आहेत?"

"खाली गेटापाशी बसल्यात. वर यायला तयार न्हाईत."

बाईंनी चष्मा काढून पुसला. पोरीची दया येत होती, पण दयेवर ज्ञानकोश चालवता येत नाही हे त्यांनी नव्या लेखकांना कितीदा तरी बजावलं होतं.

"हे बघ बाळ, ते वाक्य माझं नाही. एका दैनिकाच्या पुरवणीत छापून आलंय, त्याचा संदर्भ खाली दिलाय. छापलेलं असेल तर मला ते काढता येत नाही."

"छापलंय म्हणून खरं हुतंय व्हय? तुम्ही हुता तिथं?"

"आमच्यातलं कुणीच कुठं नसतं. असलं तरी बघितलेलं लिहायचं नाही, फक्त छापलेलं लिहायचं. तोच तर नियम आहे."

आपलं बोलणं किती कोरडं आहे ते बाईंना स्वतःलाच ऐकू आलं. तमन्ना काही बोलणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"नमस्कार मॅडम! आत येऊ का?"

आलेला माणूस उदयसिंह. पंचगंगा एअरच्या मालकाचा भाचा, कंपनीची प्रसिद्धी बघायचा. हातात पेढ्यांचा पुडा. लेखातून अपघाताचा भाग काढा म्हणून तो याआधी दोनदा येऊन गेला होता आणि बाईंनी दोन्ही वेळा त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं. तमन्नाला बघून तो जराही दचकला नाही, म्हणजे ती इथं सापडणार हे त्याला ठाऊक असावं.

"सोमवारी पहिलं उड्डाण. म्हटलं पेढे द्यावेत. आणि सकाळी चर्चा पान पण बघितलं," तो खुर्ची ओढून बसत म्हणाला. "मॅडम, मी काय म्हणतो, आम्ही दोनदा विनंती केली, तुम्ही म्हणालात छापून आलेलं काढता येत नाही. आम्ही गप्प बसलो का नाही? मग आता यांच्यासाठी कसं काढता येईल? काढायचं तर अख्खा अपघातच काढा. नाहीतर आहे तसं राहू द्या."

बाईंचाच नियम त्यांच्याच टेबलावर त्यानं आपटला होता, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती.

"मामा तुमच्या कॉलेजच्या संस्थेच्या संचालक मंडळावर आलेत की," उदयसिंह सहज बोलल्यासारखा पुढं म्हणाला. "परवाच तुमचं कौतुक करत होते. बाई कुणाच्या दबावाला बळी पडत नाहीत, म्हणाले."

कौतुकाच्या पुड्यात बांधलेली धमकी कळण्याइतकी वर्षं बाईंनी संस्थेत काढली होती. साडेतीन होत आले होते. तमन्ना एकदा घड्याळाकडं आणि एकदा बाईंच्या तोंडाकडं बघत होती.

"मॅडम, मला एक सांगा," ती एकदम म्हणाली. "त्यो पेपरवाला आमच्या घरला कवा आलाच न्हाय. अब्बांशी बोलला न्हाय. मग त्याला अब्बांचं नाव कुठनं घावलं?"

"कंपनीतनं कळलं असेल," उदयसिंह म्हणाला.

पण तो प्रश्न बाईंच्या डोक्यात रुतला. अपघाताच्या आठवड्यात आलेल्या सगळ्या बातम्या त्यांनी वाचलेल्या होत्या, लेखात वापरलेल्या होत्या. त्यातल्या एकाही बातमीत तंत्रज्ञाचं नाव नव्हतं. चौकशीचा अहवाल तर अजून बाहेरच आला नव्हता. पुरवणीतला मजकूर चांगला तीन-चार महिन्यांनी आलेला, जिल्ह्यातल्या विमानसेवेचा मागोवा घेणारा. मग त्यात नाव आलं कुठून?

ज्ञानकोशातल्या प्रत्येक लेखाला इतिहासाचं पान असतं. कुणी कधी कोणता शब्द घातला आणि कोणता काढला, ते सगळं तिथं राहतं. बाईंनी ते पान उघडायला घेतलं. कॉलेजचं नेट नेहमीप्रमाणं ऐन वेळी रांगायला लागलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. तिघंही त्या चक्राकडं बघत बसले होते, आणि उदयसिंहाचा पाय टेबलाखाली हलत होता.

पान उघडलं. बाई एकेक ओळ मागं मागं जात राहिल्या आणि एका जागी थबकल्या.

वाक्य आधी आलं होतं. अपघातानंतर महिन्याभरात एका अनोळखी खात्यानं ते लेखात घातलं होतं, कसलाही संदर्भ न देता. त्या खात्यानं त्याआधी कधी काही लिहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. पुरवणी छापून आली ती त्याच्या दोन महिन्यांनंतर, आणि तिच्यात हेच वाक्य शब्दाला शब्द होतं. म्हणजे पेपरवाल्यानं ते ज्ञानकोशातून उचललं होतं. मग कुणीतरी भल्या माणसानं ती पुरवणी आणून वाक्याखाली संदर्भ म्हणून डकवली. लेख आणि पुरवणी दोन्ही एकमेकांच्या आधारावर उभी होती आणि दोन्हींच्या पायाखाली काही नव्हतं.

मधली एक ओळ बाईंची स्वतःची होती. वाक्य आलं त्याच दिवशी त्यांनी ते पाहिलं होतं आणि शेजारी कंसात छोटी पाटी लावली होती: संदर्भ हवा. ज्ञानकोशातली ही नेहमीची रीत. विमानाच्या आसनांचा आकडा असो की तिकिटाचा दर, संशय आला की पाटी लावायची आणि कुणी पुरावा आणतंय का ते बघायचं. पण जिवंत माणसावरचा आरोप असेल तर पाटी लावून थांबायचं नसतं, वाक्य तिथल्या तिथं काढून टाकायचं असतं. हा नियमही बाईंना पाठ होता. पण त्या दिवशी त्यांनी ते वाक्य टायरबद्दलचं म्हणून वाचलं होतं. विमानांवर लिहिता लिहिता त्यांना त्यात माणूस दिसलाच नव्हता. आणि पुढं पुरवणीचा संदर्भ आला तेव्हा पाटी काढून, तो आणणाऱ्याला त्यांनी धन्यवादही पाठवले होते.

एका माणसाची तीन वर्षं, आणि आपण धन्यवाद पाठवले.

"कुणी घातलं हे वाक्य?" त्यांनी उदयसिंहाकडं बघून विचारलं.

"मला काय माहीत? शेकडो लोक लिहितात की तुमच्यात." त्याचा पाय हलायचा थांबला होता. "आणि कुणी का घालेना मॅडम, आता छापलेलं तर आहे?"

"हे छापलेलं धरता येत नाही. आमचंच आम्हाला परत आलंय."

"मामांना मी काय सांगू?"

"हेच सांगा."

बाईंनी वाक्य काढलं. चार वाजायला दहा मिनिटं होती. आता अपघाताच्या परिच्छेदात टायर फुटला आणि विमान गवतात गेलं एवढंच उरलं होतं, आणि पुढं भोक पडल्यासारखं दिसत होतं. असं भोक दिसलं की कुणीतरी येऊन पुन्हा काहीतरी भरणार, हे बाई जाणून होत्या. चौकशीचा अहवाल अजून प्रसिद्ध झालेला नाही, अशी छापील बातमी त्यांच्याजवळ होती. तिच्या आधारानं त्यांनी लिहिलं: 'अपघाताचे कारण अद्याप स्पष्ट झालेले नाही.'

"पर कारण म्हाईत हाय की," वाकून वाचणारी तमन्ना म्हणाली. "टायर झिजलाय, बदलल्याबिगर उडवू नका म्हणून अब्बांनी सांगितलं हुतं. ह्यांनीच ऐकलं न्हाय. तसंच उडवलं."

"कुठं छापून आलंय?" उदयसिंहानं विचारलं. विचारलं तमन्नाला, पण बघत होता बाईंकडं.

बाई हळूच म्हणाल्या, "नाही लिहिता येणार, बाळ. त्याला आधार नाही."

तमन्नानं ओठ चावला. पुन्हा घड्याळाकडं बघितलं.

"ऱ्हाऊ द्या. नाव गेलं न्हवं? बास झालं. करा लवकर."

बाईंनी पान जतन केलं आणि लेखाला कुलूप लावलं. तमन्ना "लई उपकार झालं मॅडम" म्हणत जिन्यावरून पळत सुटली. उदयसिंहानं आपल्या मोबाइलवर लेख उघडून नवं वाक्य वाचलं, परत एकदा वाचलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

"कारण स्पष्ट झालेलं नाही," तो पुटपुटला. "हे झकास झालं, मॅडम. उगंच मी तापलो. हे सगळ्यांच्याच सोयीचं आहे." पुडा टेबलावर ठेवून तो गेला. बाईंनी तो पुडा न उघडता शिपायाला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडत होतं, तोवर एक पन्नाशीचा माणूस दाराशी येऊन थांबला. इस्त्रीचा पांढरा सदरा, चपला बाहेर काढलेल्या. तमन्नाच्या तोंडवळ्यावरून बाईंनी ओळखलं.

"या या, शिकलगार. काय झालं मुलाखतीचं?"

"झाली. लागली नोकरी. पुढल्या म्हैन्यात जायचं." मीरासाब आत आले, पण बसले नाहीत. "पोरीनं सांगितलं, तुमी लई केलासा म्हणून. म्हटलं जाऊन सांगून यावं."

"अभिनंदन! खूप बरं वाटलं." बाईंना खरोखरच बरं वाटलं होतं. रात्रभर छातीवर असलेलं ओझं उतरलं होतं. "त्यांनी विचारलं का अपघाताचं?"

"विचारलं की. पयला सवाल त्योच." मीरासाब खिडकीकडं बघत बोलायला लागले. "तीन वर्सं झाली, मॅडम, भेटंल त्याला सांगत आलतो. त्यो टायर झिजलेला हुता, मी नगं म्हणत हुतो, ह्यांनी उडवला. फौंड्रीत सांगितलं, पै-पावण्यात सांगितलं. मामलेदारापास्नं पुढाऱ्यापतूर सांगितलं. कुणी ऐकलं, कुणी हसलं. पर सांगायचं कवा सोडलं न्हाय. काल त्या सायबाच्या म्होरं तुमचा लेख उघडा हुता. मला म्हणाला, तुम्ही तिथं कामाला हुता, मग सांगा, टायर कशानं फुटला?"

"मग?"

"खरं सांगावं तर तुमचा लेख तरी खोटा, न्हाईतर मी तरी खोटा. आन मालकाच्या नावानं बोंब मारणारा मिस्त्री कुणाला पायजे?" ते थांबले. "म्या म्हटलं, सायेब, कारण अजून स्पष्ट झालेलं न्हाय. त्यो म्हणाला, व्हय, हितं बी तसंच हाय. आन नोकरी दिली."

ते वाक्य लिहिताना बाईंना वाटलं होतं, अख्ख्या लेखात याच्याइतकं निर्मळ वाक्य दुसरं नाही. कुणावर आरोप नाही, कुणाची बाजू नाही.

"शिकलगार, तुम्ही कुठंतरी... एखाद्या पत्रकाराशी बोललात तर मला लिहिता येईल. मी स्वतः..."

"आता?" मीरासाब पहिल्यांदाच हसले. "काल माझ्या तोंडानं बोललो की, म्हाईत न्हाय म्हणून. ते बी सायबानं लिवून घेतलंय. तुमच्यावर राग न्हाय मॅडम. खरंच न्हाय. पोटाला तर लागतंयच की."

हात जोडून ते वळले. दाराशी चपला घालून सावकाश जिना उतरून गेले. बाईंनी टेबलापाशी येऊन लेख उघडला. वाक्य जिथल्या तिथं होतं, नियमात बसणारं, संदर्भासकट. त्याच्याविरुद्ध बोलणारा एकच माणूस होता, आणि त्याला त्यांनीच गप्प केलं होतं.