उत्तर न देणारा उखर्डू

मित्रांनो, मी एक जुना रुग्ण आहे. आजार मात्र मला कधीच झाला नाही.

मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नर्सिंग कॉलेज आहे. तिथल्या लॅबमध्ये खिडकीजवळच्या लोखंडी खाटेवर मी निजून असतो. मी रबर आणि प्लॅस्टिकचा पुतळा आहे. सुई टोचणे, सलाईन लावणे, बीपी मोजणे, अंग पुसणे हे सारे मुली आधी माझ्यावर शिकतात आणि मग खऱ्या माणसाला हात लावतात.

दूरच्या एका कारखान्यात मी साच्यातून निघालो. खोके उघडले तेव्हा माझ्या गालांवर गुलाबी रंग होता. मुली माझ्या शेजारी उभ्या राहून फोटो काढत. प्राचार्य पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणत. पुढे रंग उडाला, उजवा पाय मांडीतून निखळला आणि माझी रवानगी इमारतीमागच्या भंगारात झाली. तिथे उन्हाने माझी त्वचा तडकली. कुत्र्यांनी माझी करंगळी नेली.

नवा पुतळा लवकर येईना, तेव्हा लॅबमध्ये शिकवणाऱ्या नूतन मॅडमनी मला परत आणवले. शिपाई चुडामणभाऊंनी पाय तारेने बांधला आणि ते म्हणाले, "उकिरड्यावरून उचललेलं पोर म्हणजे उखर्डूच की." आपल्या भागात ज्या घरात मुले जगत नसत, तिथे नव्या बाळाला क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचलून घेत आणि त्याला उखर्डू म्हणत. मग मरण त्याच्या वाटेला जात नाही, अशी समजूत. माझ्यापुरती ती खरी ठरली. चुकीच्या सुईने मी रोज मरतो आणि चादर बदलली की पुन्हा जगतो. खरे सांगायचे तर या जगण्याचा आता शीण येतो.

परीक्षेत प्रत्येक मुलीला माझ्याशी बोलावे लागते. "आजोबा, तुमचं नाव काय, तुम्हाला काय त्रास होतोय, मी तुमचं बीपी बघणार आहे, चालेल ना?" हे सारे एका दमात. 'चालेल ना' म्हणेपर्यंत पट्टा दंडाला बसलेलाही असतो. विचारल्याचे गुण मिळतात. ऐकल्याचे गुण कोण देणार? मी काही बोलतच नाही.

कोकिळा या कामात सर्वांत चपळ होती. ती भडगावजवळच्या एका खेड्यातली. शेवटचे वर्ष संपत आले होते आणि धुळ्याच्या एका रुग्णालयात तिची नेमणूक झाली होती. तिचा हात माझ्यावर चालायला लागला की मैत्रीण ललिता म्हणे, "कोकिळे, आबांना श्वास तरी घेऊ दे!"

एका दुपारी कोकिळा वॉर्डातून थेट लॅबमध्ये आली आणि माझ्या खाटेच्या कडेला बसली. मागोमाग ललिता आली.

"मी धुळ्याला जात नाही," कोकिळा म्हणाली. "बाबांना फोन करते आणि घरी निघते."

"वेडी झालीस का? काय झालं ते तर सांग."

वॉर्डात एका म्हाताऱ्यांचे बीपी घ्यायचे होते. त्यांच्या डाव्या हाताच्या शिरेवर डायलिसिससाठी शस्त्रक्रिया झाली होती. अशा हाताला पट्टा आवळायचा नसतो, नाहीतर ती शीर बंद पडू शकते. कोकिळेला हे पुस्तकातले पाठ होते. पण तिने एका दमात सारे विचारले आणि डाव्याच हाताला पट्टा गुंडाळला. मोठ्या सिस्टरनी धावत येऊन तो ओढून काढला, म्हणून निभावले.

"ते सांगत होते गं," कोकिळा म्हणाली. "'या हातले नको, बाई.' आमच्या घरचीच बोली. माझ्या कानावर पडलं, पण मी ऐकलंच नाही."

नूतन मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "त्यांचं नाव काय?"

कोकिळा खाटेवरून उठून उभी राहिली.

"विचारलं होतंस ना?"

"विचारलं होतं, मॅडम."

"मग?"

मॅडमनी चुडामणभाऊंना हाक मारली. "भाऊ, उखर्डूला जरा खुर्चीवर बसवा."

"आनि खाटवर कोन?"

"मी."

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच बसलो. मॅडम माझ्या जागी आडव्या झाल्या आणि माझी चादर त्यांनी गळ्यापर्यंत ओढली. बाकीच्या मुली भोवती जमल्या.

कोकिळा पुढे झाली. "आजोबा, तुमचं नाव काय, तुम्हाला काय त्रास..." तिचा हात पट्ट्याकडे गेलाच होता.

"माले बोलू दे ना वं, बाई!" मॅडम कडाडल्या. "बठ्ठा येतस, इचारतस नि चालना जातस!" सगळेच येतात, विचारतात आणि निघून जातात, अशा रागाने त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

मुली खो खो हसल्या. ललिता म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर आमच्या गल्लीतल्याच निघालात!"

कोकिळा हसली नाही. तिने पट्टा ठेवून दिला. खाटेजवळ स्टूल ओढून ती बसली.

"आबा," ती हळू म्हणाली, "कोठे दुखस?"

मॅडम बोलल्या नाहीत. वर पंखा कुरकुरत होता. कोकिळेचा हात सवयीने पुन्हा पट्ट्याकडे निघाला. तिने तो मागे घेऊन मांडीवर दाबून धरला.

"झोपले वाटतं आबा," ललिता कुजबुजली.

कोकिळेने ओठांवर बोट ठेवले. बराच वेळ असाच गेला. मग भिंतीकडूनच आवाज आला, "या हातले नको, बाई. त्या हातले बांध."

कोकिळेचे डोळे भरले. ती पट्टा घेऊन उठली आणि खाटेला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली.

मॅडम उठून बसल्या. "हे तुला उखर्डू शिकवू शकला नसता," त्या म्हणाल्या. "आता वॉर्डात जा. धुळ्याचं मग ठरव."

ती गेली. परतली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. "पितांबर," ती दारातूनच म्हणाली. "नाव पितांबर. मी माफी मागितली तर म्हणाले, आता आली ना, बस."

मित्रांनो, आता कॉलेजात बोलणारा पुतळा येणार आहे म्हणे. तो खोकेल, कण्हेल, नावही सांगेल. माझी जागा पुन्हा भंगारात. त्याचे मला दुःख नाही, थोडी विश्रांतीच मिळेल. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. आजारी माणसाला काही विचाराल तेव्हा त्याच्या तोंडून शब्द निघेपर्यंत हात आवरा. त्याचे बोलणे कुठल्याही बोलीतले असो आणि कितीही सावकाश असो. तो माझ्यासारखा रबराचा नाही.

धुळ्याच्या बसला निघण्याआधी कोकिळा पिशवी खांद्याला अडकवून लॅबमध्ये आली. खाली ललिता रिक्षा थांबवून हाका मारत होती. कोकिळेने माझी चादर सारखी केली आणि स्टूलवर बसली.

"आबा, काय तरास शे?" तिने विचारले.

मी काय बोलणार? पण ती बसून राहिली.