माइकमामांचा सूड

निवडणूक आली की घरोघरी एकच रडगाणं सुरू होतं. "मत द्यायचं तरी कुणाला? दोघेही एकाच माळेचे मणी!" असं म्हणत आपण चहा संपवतो, आणि मतदानाच्या दिवशी त्या दोघांपैकीच एकाला मत देऊन येतो. माइकमामांच्या दुकानातही गिऱ्हाइकांचं हेच चाले. या खेपेला मात्र तिसरा उमेदवार खुद्द दुकानाचा मालकच होता!

लग्न असो की शोकसभा, शहरात माइक आणि स्पीकर लागले की लोक मामांकडे येत. दोन्ही मोठ्या पक्षांच्या सभा तेच सांभाळत, आणि कोण काय बोलतो याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. पण गेल्या निवडणुकीत आमदारसाहेब भाषणाच्या भरात माइक घेऊन थेट स्पीकरसमोर जाऊन उभे राहिले. असं केलं की माइक किंचाळणारच! चूक साहेबांची होती, पण त्यांनी मामांना स्टेजवर बोलावून सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. लोक खो खो हसले. पहिल्या रांगेत बसलेली मामांची बायको मुकाट्याने उठून घरी गेली, आणि तिने पुन्हा कुठल्याही सभेत पाऊल टाकलं नाही.

गालावरचा वळ दोन दिवसांत गेला, हसणं मात्र कानात घर करून राहिलं. याचं भर सभेत असंच हसं करीन तरच नावाचा, अशी मामांनी मनाशी खूणगाठ बांधली.

म्हणून त्यांनी तिसऱ्या पक्षाचं तिकीट घेतलं. पक्ष इवलासा. कार्यालयात चार खुर्च्या, त्यातली एक मोडकी. निवृत्त नर्स असलेल्या सिस्टर म्हणजे या पक्षाचा कणा. त्या पूर्वी तीनदा उभ्या राहिल्या होत्या आणि तीनदा सपशेल आपटल्या होत्या.

"या वेळी तुम्हीच उभे राहा, मामा," त्या म्हणाल्या होत्या. "तुम्हाला सगळं शहर ओळखतं. माझं नाव घेतलं की लोकांना नुसती सुई आठवते."

प्रचार सुरू झाला आणि मामांच्या जिभेला जणू धारच आली. आमदारांची नक्कल, आमदारांची थापेबाजी, आमदारांची ती थोबाडीत! लोक शिट्ट्या मारत, गर्दी वाढत होती. मामांना तर रोज सुखाची झोप लागू लागली. सिस्टर मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत. एका सकाळी कार्यालयात त्यांना राहवलं नाही.

"मामा, तुमचं भाषण मला पाठ झालंय. त्यात आमदार आहे, तुमचा गाल आहे. लोक कुठे आहेत?"

"लोक समोर बसून टाळ्या वाजवतात की!"

"भांडण बघायलाही गर्दी जमते. ती काही मत देत नाही."

"तुम्हाला कुणी चारचौघांत मारलं असतं तर कळलं असतं!" मामा उसळले.

"मलाही राग आला असता. पण माझा राग मी लोकांच्या गळ्यात मारला नसता. मामा, आमदार पाडायचाय की लोकांची कामं करायचीत, ते एकदा ठरवा."

"आधी पाडतो. कामाचं मग बघू."

मतदानाला आठवडा उरला असताना शाळेच्या सभागृहात तिन्ही उमेदवारांची एकत्र सभा ठरली. नागरिकांनी विचारायचं, उमेदवारांनी उत्तर द्यायचं. शाळेचा माइक बंद पडलेला. मामा लोण्यासारखे मऊ होऊन म्हणाले, "माझं सामान घ्या. पैसे नकोत, सेवा समजा."

दुपारी एकट्याने सभागृहात जाऊन त्यांनी आमदारांच्या माइकचा आवाज नको तितका चढवला आणि एका स्पीकरचं तोंड आमदारांच्या खुर्चीकडे वळवलं. साहेब ओरडल्याशिवाय बोलतच नाहीत. एक आरोळी ठोकली की माइक असा किंचाळेल की बास! त्या विचाराने मामांना एकट्यालाच हसू फुटलं.

संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं. पण आमदारही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. लोक जाब विचारणार हे ओळखून ते साखरेत घोळल्यासारखं हळू हळू बोलू लागले. माइक शांत! मामा खुर्चीत चुळबुळ करत राहिले.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. त्या घरी शिवणकाम करत. त्यांचा आवाज पुढे ऐकू येईना, तेव्हा आमदार दिलदारपणाचा आव आणून म्हणाले, "या ना ताई, माझा माइक घ्या!"

बाई कधी माइकवर बोललेल्या नव्हत्या. घाबरत पुढे आल्या, माइक तोंडाशी धरला आणि सगळा जीव एकवटून म्हणाल्या, "साहेब, माझ्या नवऱ्याचं डायलिसिस..."

माइक किंचाळला! लोकांनी कानांवर हात ठेवले आणि मग सगळं सभागृह हसलं. बाईंच्या हातून माइक खाली पडला.

"बघा, विरोधकांचं सामान!" आमदार खुशीत म्हणाले. "चला, पुढचा प्रश्न."

बाई मान खाली घालून दाराकडे निघाल्या, आणि मामांच्या काळजात चर्र झालं. अरेरे! हेच ते हसणं! ज्या हसण्याने स्वतःची झोप उडवली होती, ते आज त्यांनी आपल्या हाताने या गरीब बाईच्या वाट्याला आणलं होतं. आणि आमदार? तो तर प्रश्नातून अलगद सुटला होता!

मामा ताडकन उठले. स्पीकरचं तोंड फिरवलं, स्वतःचा माइक उचलला आणि धावत दार गाठलं.

"ताई, जाऊ नका! यात तुमची काही चूक नाही. साहेबांची फजिती करायला मीच तो माइक बिघडवून ठेवला होता."

"वा रे उमेदवार!" मागून कुणीतरी ओरडलं.

"माझं काय करायचं ते मत देताना करा," मामा म्हणाले. "आधी यांचं ऐका."

बाईंनी डोळे पुसले आणि माइक घेतला. "साहेब, आपल्या दवाखान्यात डायलिसिसचं मशीन आलं, फीत तुम्ही कापलीत. ते अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आहे, कारण चालवायला माणूसच नेमला नाही. मी नवऱ्याला दर खेपेला दुसऱ्या शहरात नेते. त्याला आता बसवतही नाही. माणूस कधी नेमणार?"

"लवकरच... प्रक्रिया चालू आहे..."

"कधी, साहेब?"

आमदारांचा साखरेचा मुलामा उतरला. "बंद करा तो माइक!" ते गरजले.

"तो आता माझ्या हातात नाही, साहेब," मामा म्हणाले.

"उत्तर द्या! उत्तर द्या!" सगळं सभागृह उठून उभं राहिलं. साहेब घाम पुसत मागच्या दाराने निघून गेले.

आमदार पडले. मामाही पडले, तेही तिसऱ्या क्रमांकावर. लोकांनी त्यांची लबाडी माफ केली नाही, आणि बरोबरच केलं. निवडून आला तो दुसऱ्या मोठ्या पक्षाचा माणूस. निकालाच्या दिवशी सिस्टरांनी विचारलं, "मग, झाला का आत्मा शांत?"

"झाला की, खोटं कशाला बोलू! पेढे वाटावेसे वाटले," मामा म्हणाले. "पण सिस्टर, ते मशीन अजून गुंडाळलेलंच आहे. आता याला विचारायला हवं."

दुसऱ्याच दिवशी मामा, सिस्टर आणि त्या बाई नव्या आमदारांच्या दारात जाऊन बसले. आमदार हसून म्हणाले, "तुमचा तर पराभव झाला ना? मग इथे काय काम?"

"पराभव माझा झाला," मामा बाईंना पुढे करत म्हणाले. "यांचा प्रश्न अजून उभा आहे. उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही उठणार नाही."

नागरिकहो, सुडाने फार तर खुर्चीवरचा माणूस बदलतो. कारभार बदलायचा असेल, तर खुर्चीवर कुणीही बसो, त्याला जाब विचारायचं सोडू नका. आणि तो जाब स्वतःच्या अपमानासाठी नको, ज्याचा आवाज पुढपर्यंत पोचत नाही त्याच्यासाठी विचारा!