खाडीचं तोंड बंद

संशोधक बाईंना बोटीवर घ्यायचं हे वहिनींनीच ठरवलं. नवरा गेल्यापासून बोट त्यांच्या नावावर होती, आणि बोटमालकांच्या संस्थेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं होतं. मासळी वर्षागणिक घटत होती. बाहेरची मोठी जहाजं समुद्र खरवडून नेतात, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. फक्त पुरावा हवा होता. म्हणून मालकांनी आपल्या बोटी आणि आपलं डिझेल देऊन अभ्यास करवून घेतला.

वहिनींची बोट त्यांचा दीर चालवायचा. तो आधी कुरकुरला. "मासे मापायला आता शिकलेली माणसं लागतात होय?" बाईंचं नाव त्यानं 'फूटपट्टी' ठेवलं. पण हळूहळू त्यालाच गोडी लागली. बाईंसाठी तो स्वतः मासे चिरायचा, पोटातली अंड्यांची गाबोळी अलगद बशीत काढायचा. खलाशी म्हणायचे, "तांडेल, आता दवाखाना टाका!"

एकदा त्याची सुरी थबकली. जेमतेम तळहाताएवढा मासा, आणि अंड्यांनी गच्च भरलेला.

"एवढ्याशा वयात?"

"मोठे उरलेच नाहीत," बाई म्हणाल्या, "म्हणून लहानांनाच घाई झालीय."

त्यानं तो मासा वेगळा ठेवला आणि पुढचा चिरायला घेतला.

निकाल सांगायला बाई लिलावघराच्या वरच्या खोलीत, बोटमालकांच्या बैठकीत आल्या. दोष जहाजांचा होताच. पण खाडीच्या तोंडाशी, जिथं मासे अंडी घालतात, तिथं बोटाएवढं पिल्लूही सुटणार नाही अशी बारीक जाळी आपल्याच बोटी लावत होत्या. ती जागा काही वर्षं बंद ठेवायला हवी, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

एकच गलका झाला. "आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा! जहाजांचं तेवढं सरकारला कळवा, बाकीचं राहू द्या."

दीर उठला. "वहिनी, ते मासे मीच चिरलेत. बाई खोटं बोलत नाहीत. पण खाडी सोडून खोल समुद्रात आपली बोट टिकायची नाही. माझ्या खलाशांनी घरी काय न्यायचं? पूर्ण अहवाल नका पाठवू."

"भावोजी, निम्मंच खरं सांगायचं होतं, तर यांना बोलावलं कशाला?"

"दादा असता तर त्यानं असं केलं नसतं."

"नसतंच केलं," वहिनी म्हणाल्या. "त्यांनीही तिथंच जाळं लावलं. आपण सगळ्यांनीच लावलं."

हात वर झाले, मतं समसमान पडली. शेवटचा हात वहिनींनी वर केला. अहवाल सरकारकडे पूर्ण गेला आणि खाडीचं तोंड मासेमारीला बंद झालं.

दिरानं इंजिनाची किल्ली वहिनींसमोर ठेवली आणि त्याच मोठ्या जहाजांपैकी एकावर नोकरी धरली. त्याची बायको, म्हणजे वहिनींची जाऊ, बोलायची बंद झाली. बोट आता बाईंना नमुने गोळा करायला नेते, एरवी धक्क्याला उभी असते.

"पिल्लं वाढलीत का?" वहिनी दर खेपेला विचारतात.

"इतक्यात सांगता येणार नाही," बाई म्हणतात. "कदाचित वाढतील. कदाचित आपल्याला उशीर झाला असेल."

परवा वहिनी कोळंबी सोलायच्या शेडमध्ये गेल्या. जाऊ तिथं रोजावर बसते. तिच्याशेजारी पाट ओढून वहिनींनी टोपलीत हात घातला.

"खाडी कधी उघडणार?" जावेनं मान वर न करता विचारलं.

"माहीत नाही गं."

जावेनं पुढची कोळंबी सोलायला घेतली. ती उठून गेली नाही.