अर्धं पाऊल मागे

मी माईक बोलतोय. त्यात काय नवल, माईकचं कामच ते, असं तुम्हाला वाटेल. पण आजवर मी जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. स्वतःचं बोलायची ही पहिलीच वेळ, आणि तीही पोटातलं यंत्र काढून घेतल्यावर आली. नोकरीत गप्प बसून निवृत्तीनंतर तोंड उघडणारे पुष्कळ असतात. मला त्यांच्यातलाच एक समजा.

दिसायला मी भारदस्त आहे. मुठीपेक्षा मोठं डोकं, त्यावर उभ्या पट्ट्या, चकचकीत मुलामा आणि खाली गोल बैठकीचा दांडा. एके काळी मोठमोठे गाणारे माझ्या भाऊबंदांसमोर उभे राहिले. त्यांचे जुने फोटो बघा: अर्धा चेहरा त्यांचा, अर्धा आमचा.

माझ्या नशिबी मात्र बस-स्थानक आलं. तिथल्या उद्घोषणेच्या खोलीत माझी नेमणूक झाली. कुठली गाडी उशिरा येणार, कुठली येणारच नाही, कुणाची छत्री सापडली, कुणाचे सासरे हरवले, हे सगळं माझ्या तोंडून गावाला कळे. छत्रीवाले धावत येत, सासऱ्यांना न्यायला लोक सावकाश येत. उद्घोषक सभ्य गृहस्थ होते; पण गर्दीने खिडकी ठोठावली की त्यांचा आवाज चढे आणि त्यांचा चढला की मी चिरके. हा आमच्या घराण्याचाच दोष. हळू बोलाल तर आमच्यासारखे शहाणे आम्हीच. जोर लावलात की आम्ही कोकलतो. म्हणून ओरडायचं झालं की ते आधी खुर्ची मागे सरकवत आणि मग ओरडत.

पुढे नवी यंत्रं आली आणि मी भंगारात गेलो. तिथून मला ताईंनी उचललं.

ताई एकपात्री कार्यक्रम करतात. रंगमंचावर एक खुर्ची, एक छोटं टेबल, एक शाल आणि त्या. विषय बाई. बाई म्हणजे कोण, असं विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी दवाखान्यात रांगेत बसलेला माणूस नकळत गुणगुणतो ते त्यांचंच गाणं असतं. अशा या बाईंना ताई दोन तास रंगमंचावर उभं करतात. त्यांचं बालपण, त्यांचे हट्ट, त्यांची भांडणं, मधेमधे गाणी. माझ्या पोटातलं यंत्र काढून मला समोर उभं केलं. खरा माईक वाटाण्याएवढा, ताईंच्या गालाला चिकटवलेला. तो काम करतो, मी दिसतो. हा प्रकार तुम्ही कचेऱ्यांतूनही पाहिला असेल.

आवाजाची बाजू ताईंचे यजमान सांभाळतात. त्यांचं नाव मला ठाऊक नाही. ताई त्यांना 'अहो' म्हणतात, तेव्हा मीही अहोच म्हणतो. प्रेक्षागृहाच्या मागे, सरकत्या कळांच्या टेबलापाशी ते बसतात. प्रत्येक कळ एकेक आवाज वरखाली करते.

आता मुद्द्याचं. बाईंची एक अदा होती. तार सप्तकातला मोठा सूर आला की त्या माईकपासून अर्धं पाऊल मागे सरत आणि मान किंचित वळवत. लोक या अदेवर जीव टाकत. एका समीक्षकाने लिहिलं होतं, 'हे पाऊल म्हणजे सुरापुढे केलेलं समर्पण.' दुसऱ्याने त्यात वैराग्य शोधलं. ताईंनी आरशासमोर घासून घासून ती अदा उचलली. वीसेक वर्षं प्रत्येक प्रयोगात शेवटच्या गाण्याचा वरचा सूर आला की त्यांचं पाऊल मागे आणि तिकडे अहोंचा हात कळेवर. बाईंचा आवाज जसा लांब गेल्यासारखा वाटे, तसा ताईंचाही वाटावा म्हणून ते कळ जरा खाली ओढत. ती कळ वापरून वापरून इतकी जड झाली होती, की चांगला हिसका द्यावा तेव्हा कुठे बोटभर सरके. पाऊल आणि हात यांचं असं साटंलोटं जमलं होतं. मी मधे उभा राहून सगळं पाहत होतो. समर्पण कसलं, हे मला कुणी विचारलं नाही.

मग दोन गोष्टी बरोबरच आल्या. ताईंना वरचा सूर लागेना. आणि बाईंच्या लेकीने निरोप धाडला, की आईची गाणी गायची परवानगी पुढे द्यायची की नाही, ते मी प्रयोग पाहून ठरवीन. परवानगी नाही, म्हणजे कार्यक्रम बंद.

घरच्या तालमीत मी दोघांच्या मधे होतो.

"अगं, त्यात काय एवढं," अहो म्हणाले. "शेवटच्या गाण्याला बाईंचं रेकॉर्डिंग लावतो. तुझा माईक बंद. तू नुसते ओठ हलव."

"लेकीसमोर आईचा आवाज चोरायचा?"

"चोरायचा कुठे? आदरांजली आहे."

"चोर पकडला गेला की असंच म्हणतो."

"मग गा! गा वरचा सूर. कालच्यासारखा फाटला की परवानगीही फाटली म्हणून समज."

शाल घडी केलेलीच होती, ती ताईंनी उलगडून पुन्हा घडी केली. "अहो, हे बंद झालं तर मी कोण हो?" त्या म्हणाल्या. "दुसरं मी काही केलंच नाही."

अहो स्वयंपाकघरात गेले आणि दोन कप चहा घेऊन आले. त्यात साखर घालायला विसरले होते. ताई तो तसाच प्यायल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे, लावा. पण नुसते ओठ मला हलवता यायचे नाहीत. मी आपली बारीक आवाजात गाईन."

प्रयोगाला बाईंची लेक दुसऱ्या रांगेत येऊन बसली. पांढरे केस, मांडीवर पाण्याची बाटली, आणि पाहुणे घर बघायला आल्यावर घरमालक बसतो तशी बसण्याची ढब. शेवटच्या गाण्यापर्यंत ती ना हसली, ना हलली. विनोदावर शेजारचे लोक आधी तिच्याकडे पाहत आणि मगच हसत.

शेवटचं गाणं आलं. अहोंनी गालावरचा वाटाणा बंद केला आणि रेकॉर्डिंग सोडलं. बाईंचा आवाज सभागृहभर पसरला. ताई ओठ हलवत होत्या, आणि ठरल्याप्रमाणे बारीक गातही होत्या. ते फक्त मला ऐकू येत होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. वरचा सूर जवळ आला.

आणि ताईंचं पाऊल अर्धं मागे गेलं.

त्याबरोबर अहोंचा हात, वीस वर्षांच्या सवयीने, कळेवर. या वेळी बोटांखाली रेकॉर्डिंगची कळ होती, क्वचित हात लागलेली, लोण्यासारखी. तिला त्यांनी नेहमीचाच हिसका दिला. ती थेट तळाला गेली.

बाई गप्प झाल्या. भर सुरात. वाद्यंही त्यांच्याबरोबर गेली. त्या शांततेत ताईंचा स्वतःचा, कुठल्याही यंत्राशिवायचा सूर उघडा पडला. वर चढता चढता तो चरकन फाटला.

मागे अहो दगड होऊन बसले होते. दोन्ही कळा डोळ्यांसमोर, पण कुठली वर करावी ते सुचेना. कुणीतरी खोकत होतं, तेही थांबलं. ताई माझ्याकडे पाहत होत्या. मी काय मदत करणार? माझ्या पोटात नुसती हवा.

मग त्यांनी डोळे मिटले आणि तीच ओळ पुन्हा घेतली. दोन सूर खालून. बाईंच्या उंचीवरून नव्हे, आपल्या उंचीवरून. आवाज थोडा खरखरीत होता, पण भरलेला होता. मागच्या रांगांतली माणसं खुर्चीत पुढे सरकली, कारण आता ऐकायचं तर कान द्यावे लागत होते. वीस वर्षांत ताईंचा आवाज कसा आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ओळ संपली. टाळ्या जरा उशिरा आल्या. वाजवावं की नको, हे लोकांना कळायला वेळ लागला.

लेक वाजवत नव्हती. ती उठून सरळ रंगपटात आली. अहोंनी मलाही तिथेच आणून ठेवलं होतं.

"तांत्रिक बिघाड झाला हो," अहो घाईघाईने म्हणाले. "असं कधी होत नाही."

"बिघाड आधी होता," लेक म्हणाली. "नंतर दुरुस्त झाला."

ताई उठायला लागल्या.

"बसा हो. आईचा आवाज मला घरी ऐकायला मिळतो, त्यासाठी बस बदलून इथवर यायला नको. तुमचा ऐकायला आले होते. तो एवढ्या उशिरा का काढलात?"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने बोट माझ्याकडे रोखलं. "आणि ते पाऊल मागे कशासाठी घेता?"

"बाई घ्यायच्या. सुरापुढे... म्हणजे समर्पण..."

"कसलं डोंबलाचं समर्पण! हा असला डबडा माईक होता. मोठा सूर लावला की कोकलायचा, म्हणून बिचारी मागे सरायची. घरी आली की चपला काढायच्या आधी याचा उद्धार. म्हणायची, 'ऐन सुराच्या वेळी मला मागे ढकलतो मेला!'"

तो मेला मी नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी त्या वेळी बस-स्थानकात छत्र्या सांभाळत होतो. पण घराणं एक, तेव्हा शिवी मलाही लागू.

"कार्यक्रम करा," लेक बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "मी आहे तोवर करा. पण तुमच्या सुरात. आणि ते पाऊल काढून टाका. आईला ते कधी आवडलं नव्हतं."

सूर खाली आणायला ताईंना फार कष्ट पडले नाहीत. पाऊल मात्र ऐकेना. तालमीत वरची जागा आली की ते आपलं मागे. अहोंनी जमिनीवर खडूने रेघ मारली. ताई ती पुसून मागे गेल्या. मग अहोंनी त्यांच्या टाचेमागे आपला बूट ठेवला. ताई त्यावर उभ्या राहून गायल्या.

"अगं, निदान काढून तरी दे तो बूट!"

"तुम्हीच ठेवलात ना? मग भोगा."

शेवटी अहो डोकं खाजवत माझ्यापाशी आले. "हा समोर आहे तोवर तू मागे जाणारच," ते म्हणाले, आणि त्यांनी मला दांड्यासकट उचललं. वीस वर्षांच्या सेवेनंतर निरोप समारंभ एवढाच झाला. भाषण नाही, हार नाही; एका परीने सुटलो.

हल्ली मी विंगेत असतो. ताईंचा चष्मा आणि पर्स माझ्यावर अडकवलेली असते. माझ्याशिवायचा पहिला प्रयोग मी तिथूनच पाहिला. शेवटचं गाणं आलं, वरचा सूर आला, आणि ताईंचं पाऊल हललं. अहोंनी मागे श्वास धरला असणार. मी धरलाच होता, पोटात हवेशिवाय दुसरं काही नसल्यामुळे मला ते सोपं जातं. पाऊल पुढे गेलं. मी उभा असायचो, नेमक्या त्या जागेवर.

जाता जाता एकच विनंती. कुणी गाता गाता, बोलता बोलता अर्धं पाऊल मागे सरलं, तर लगेच टाळ्या वाजवू नका. आधी त्याच्यासमोर काय उभं केलंय, ते बघा.